अर्ध्या छपराचा सल्ला

शिडीच्या पायथ्याशी ते बूट काढायचे, कडेला जोडीने नीट ठेवायचे आणि मोज्यांवर आणखी एक मोज्यांचा जोड चढवून वर जायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "पत्रा म्हंजे कंपनीच्या डोक्यावरचा पदर हाय, मालक. त्याच्यावर बूट घालून नाचावं का?"

सोलारवाले तुम्हीही पाहिले असतील. चाकणच्या पट्ट्यात छपरावर सोलार बसवून देणाऱ्यांचं सध्या पेव फुटलंय. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, आणि चहा यायच्या आत "सर, तुमचं बिल झीरो!" हे त्यातलेच, पण पन्नाशी उलटलेले, लातूरकडचे, सोलार कंपनीत नोकरीला. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

कुरुळीत आमचं पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारं लहानसं प्रेस शॉप आहे, तीसेक माणसांचं. मालक म्हणायला मी, तिजोरी बायकोच्या ताब्यात. काकांनी पहिल्याच भेटीत चहा नाकारला. "आधी बारा महिन्यांची बिलं, मग चहा." पत्रिका पाहावी तशी त्यांनी ती पाहिली. मेच्या कमी आलेल्या बिलावर बोट ठेवून म्हणाले, "पोरं गावाकडं लग्नाला जातेत व्हय?" बायको हसली आणि तिथेच तिची मर्जी बसली. एरवी माझ्या पाहुण्यांवर ती सहसा बसत नाही.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, इथल्या बहुतेक कारखान्यांसारखी. प्रेस बंद, खाली माणूस नाही, म्हणून छपराची मापं घ्यायला सगळेच गुरुवारी येत. काकाही तसेच आले. पाऊस नुकताच उघडला होता, पत्रा धुतल्यासारखा लख्ख. दोन्ही शेड भरून पॅनल बसवायचं कोटेशन त्यांनी दिलं. बँकेचा हप्ता वाचलेल्या बिलातून जाणार होता. फक्त एवढ्या कर्जाला बँक तारण मागत होती, आणि आमच्याकडे तारण म्हणजे तळेगावचं घर. वीस वर्षं पोटाला चिमटा काढून बांधलेलं. चार दिवस बायकोच्या भाजीत मीठ कमी पडत होतं.

शुक्रवारी घराची कागदपत्रं बँकेत द्यायची ठरली. त्याआधी सोमवारी काका माझी सही घ्यायला आले. आले ते फाटकातच थांबले. शेजारची ओतकामाची भट्टी चालू होती आणि धुराडं आमच्या पश्चिमेच्या शेडवर ओकत होतं.

मी तो धूर रोज बघत होतो. पण धूर वर जातो असं शाळेत शिकलो होतो, त्यामुळे खाली काय पडतं याचा विचार केला नव्हता.

काकांनी बूट काढले, वर गेले, खिशातला पांढरा रुमाल पत्र्यावर फिरवला. खाली आले तेव्हा रुमाल तव्याच्या बुडासारखा झाला होता.

"अर्धंच करा मालक. पूर्वेची शेड तेवढी."

मी भडकलो. "अहो, पूर्ण छपराचं कोटेशन तुमचंच ना?"

"माझंच. चूक माझीच हाय. गुरुवारी भट्टी बंद, त्यात पावसानं धुतलेला पत्रा. मी भुललो."

"पॅनल धुऊन घेऊ की!"

"रोज? तुमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतंय. अन् एवढी काजळी बसल्यावर वीज कमी, मग बिल वाचंल कुठून? हप्ता मात्र कामून थांबंल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अर्ध्याला घर लागत न्हाई. लेथ मशीन तारण दिलं तरी भागतंय."

बायकोने त्या दिवशी स्वतः चहा केला, आल्याचा. पूर्ण छपराची ऑर्डर सोडून कोणी अर्ध्याची सही घेऊन जातं, हे मला कळायला अंमळ वेळच लागला. आधी वाटलं, यांचा माल संपला असेल.

थंडीत पूर्वेच्या शेडवरचं सोलार सुरू झालं. पूजा ठेवली, काकांसाठी शाल आणली. ते येईनात, म्हणून त्यांच्या कंपनीत फोन केला. "ते सर आता इथे नाहीत." मग त्यांच्या मोबाइलवर लावला. ते लातूरला होते, लेकीकडे.

"काढलं का हो तुम्हाला?"

"काढलं," असे हसले जणू बढती झाली. "मोठी ऑर्डर अर्धी का झाली इचारलं. मी खरं ते सांगितलं. ते सोडा. घराची कागदं कुठायत?"

बायकोने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कपाटात, काका! घरच्या कपाटात!"

"मग झालं की," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि तिला रडूच फुटलं. आम्ही नारळ वाढवला, पेढे वाटले, माणसांनी टाळ्या वाजवल्या. रात्री घरी आल्यावर तिने ती शाल कपाटात ठेवली, घराच्या कागदांवर. लातूरला जाऊन देऊ म्हणतो. पण ती शाल तिथून उचलायला दोघांचाही हात होत नाही.