हवालदारांच्या दारावरची पाटी

हवालदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलीसच उभा राहतो, त्याला आमचे हवालदार तरी काय करणार? सगळं आयुष्य गेलं तोफखान्यात, गोळे उचलण्यात आणि नेम धरण्यात, आणि गल्लीतली कार्टी विचारतात, ‘‘आजोबा, आज किती चोर पकडले?’’ हवालदार काठी उगारतात, पोरं पळतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

समोर राहणारा त्यांचा जिवलग दोस्त मात्र सुभेदार. त्याला कुणी चोरांचं विचारत नाही. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच तोफेवर राबले, एका ताटात जेवले. शेवटच्या वर्षी बढतीची जागा आली एकच, आणि ती दोस्ताला मिळाली. पण दोस्ताबद्दल हवालदारांच्या मनात तिळभर आकस नाही हो! सगळा राग त्यांच्या मेजरवर. एकदा मेजरचा नेम चुकला आणि हे सगळ्यांदेखत बोलून गेले. तेव्हापासून त्याने डूख धरला आणि माझी बढती खाल्ली, असा हवालदारांचा पक्का समज. मेजरचं नाव निघालं की त्यांची जीभ अशी सुटायची की बायको आधी नातीला आतल्या खोलीत पाठवायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर लावायला लाकडी पाटी करून घेतली. नाव कोरलं, पण नावाआधी चार बोटं जागा मोकळी सोडली. ‘सुभेदार’ लिहायला. न्याय मिळाल्याशिवाय तिथे काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा. वीस-बावीस वर्षं झाली, जागा मोकळीच.

‘‘अहो, लोक विचारतात रंग उडालाय का म्हणून,’’ बायको म्हणायची.

‘‘सांग त्यांना, मेजरने खाल्लाय.’’

शेवटी सूनबाईनेच मनावर घेतलं. आता स्वतःच्या नोकरीची नोंद मागवता येते म्हणे. तिने मागवली, आणि एका दुपारी जेवणं आटोपल्यावर सगळ्यांसमोर वाचली. ‘उजव्या कानाने ऐकू येत नाही. बढतीस अपात्र.’

हवालदार उभेच राहिले. ‘‘कान? माझा कान?’’

‘‘इश्श!’’ बायको म्हणाली. ‘‘मी माजघरात पुटपुटले तरी यांना ओसरीवर कळतं. नको ते तर पहिलं ऐकू येतं!’’

घर हसलं, पण हवालदार हसले नाहीत. मेजर इतक्या थराला जाईल? धडधाकट माणसाला बहिरा करून टाकेल? त्यांनी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज टाकला. दोस्ताला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘बोलावलं की मला सांग. मी पण येतो.’’ त्याचे दोन्ही कान आता कामातून गेलेले, एकात यंत्र बसवलेलं, तेही मनात आलं तर चालायचं. असा माणूस बरोबर नेऊन करायचं काय? पण दोस्त तो दोस्त. हवालदारांनी नेलं.

सकाळीच लष्करी दवाखान्यात कान तपासून झाले. डॉक्टर म्हणाला, ‘‘या वयात असे कान? बढिया!’’ हवालदार छाती काढून नोंदींच्या कचेरीत शिरले. टेबलापलीकडे एक तरुण कॅप्टन बाई होत्या. स्वभावाने गोड, पण कामात चोख. दोस्त शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला.

‘‘हवालदारसाहेब, नोंद चुकीची आहे हे दिसतंच आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मेलेला कान परत जिवंत होत नाही. पण ही चूक तुमच्या मेजरची नाही. त्यांनी तर तुमच्या नावाची शिफारस केली होती. जोरदार.’’

‘‘कोणी?’’

‘‘मेजरांनी. ‘माझा नेम चुकला हे मला तोंडावर सांगणारा एकच माणूस’ असं लिहिलंय.’’

ज्या माणसाच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली, त्याने...

‘‘मग कान?’’ त्यांनी कसंबसं विचारलं.

‘‘ते डॉक्टरांनी लिहिलंय. आणि अपात्र ठरवलं की ओळखही लिहावी लागते, ती खाली आहे. डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण.’’ बाईंनी मान वर करून त्यांच्या कपाळाकडे नीट पाहिलं. ‘‘तुमच्या भुवईवर तर काहीच नाही.’’

हवालदारांनी हळूच मान वळवली. शेजारी दोस्त बसला होता. तोफेचा दांडा लागून डाव्या भुवईचे झालेले दोन तुकडे घेऊन, शांतपणे बसला होता. त्याला यातलं अक्षर ऐकू आलेलं नव्हतं.

आता ही भानगड सांगायलाच हवी. तोफखान्यात कान कुणाचे राहतात? दोस्ताचा उजवा कान लवकरच गेला. हवालदारांचे कान शाबूत, पण डोळे अधू, दूरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. मग दोघांनी तोड काढली. वार्षिक तपासणीला सगळे बनियनवर, सगळ्यांची डोकी सारखी भादरलेली, डॉक्टर मान वर न करता नाव पुकारणार. हातात एकेक चिठ्ठी. दारात चिठ्ठ्या बदलायच्या. दोस्ताची चिठ्ठी घेऊन हे कानाच्या खोलीत, यांची घेऊन तो डोळ्यांच्या खोलीत. मग चिठ्ठ्या परत बदलायच्या आणि आपापलं उरलेलं उरकायचं. ‘माझे कान तुझे, तुझे डोळे माझे.’ कैक वर्षं बिनबोभाट चाललं.

त्या शेवटच्या वर्षी हवालदार बाहेर आले तेव्हा दोस्त म्हणाला होता, ‘‘तुझं दोन्ही झालं. जमा पण केली चिठ्ठी. चल.’’ यांना वाटलं, पठ्ठ्याने कुणाला तरी पटवलेलं दिसतंय. पाठीवर थाप मारून हे चालायला लागले होते.

‘‘काय म्हणतायत बाई?’’ दोस्ताने विचारलं.

हवालदारांनी त्याच्या यंत्राजवळ तोंड नेलं. आवाज एकदम फुटला. ‘‘माझ्या नावावर कान कोणाचा तपासला?’’

अख्खी कचेरी वळून बघायला लागली.

‘‘माझा,’’ दोस्त म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, खणखणीत. बाईंकडे वळून पुन्हा म्हणाला, ‘‘तो कान माझा आहे, मॅडम! मी याची चिठ्ठी घेऊन डोळ्यांच्या दारात उभा होतो. नवा शिपाई आला, म्हणाला कान राहिलेत, आधी कान. दंडाला धरून कानाच्या दुसऱ्या खोलीत ढकललं. आवाज आला असेल अशा अंदाजाने मी बोट वर करत राहिलो. वाटलं, निभावलं. बढतीची यादी लागली तेव्हा कळलं.’’

‘‘आणि तू सांगितलं नाहीस?’’ हवालदार ओरडले. हात वर गेला होता, मारायलाच. ‘‘बावीस वर्षं माझ्या घरी चहा ढोसलास, हरामखोरा, आणि सांगितलं नाहीस?’’

आता थक्क व्हायची पाळी दोस्ताची होती.

‘‘सांगायचं काय? तुला माहीत होतं ना?’’

‘‘मला?’’

‘‘यादी लागली त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे रडत आलो. तोंडातून शब्द फुटेना. तूच म्हणालास, ‘काही बोलू नकोस, मला सगळं कळतं. जागा एकच होती, ती तुला मिळाली म्हणजे मलाच पोचली. शिव्या घालायच्या तर मेजरला घालू,’ असं.’’ त्याचा आवाज आता बारीक झाला. ‘‘मला वाटलं, तू मला झाकलंस. बायकोपासून, सगळ्यांपासून. मेजरच्या नावाने ओरडतोस ते माझ्यासाठी. मी घरी जाऊन रोज म्हणायचो, असा भाऊ कुणाला मिळतो? मग परवा तू अर्ज केलास. म्हटलं, बरोबर आहे, आता याला याचं हवंय. म्हणून साक्ष द्यायला आलो. घ्या मॅडम, कुठे सही करू?’’

हवालदारांचा वर गेलेला हात तसाच राहिला. त्यांनी ते शब्द खरंच उच्चारले होते. सगळं कळतं म्हणाले होते, आणि कळलं काहीच नव्हतं. एका साध्या समजुतीच्या वाक्यावर हा माणूस इतकी वर्षं उपकाराचं ओझं घेऊन जगला, आणि तो उपकार कुणी केलाच नव्हता.

‘‘असा जबाब दिला तर सुभेदारांच्या हुद्द्याचीही चौकशी होईल,’’ बाई हळूच म्हणाल्या. ‘‘पण तुमची नोंद दुरुस्त होईल. तुमचे कान चांगलेच आहेत.’’

‘‘कान चांगले आहेत हो,’’ हवालदार म्हणाले. ‘‘डोळ्यांचं काय लिहिलंय तिथे?’’

‘‘उत्तम.’’

‘‘ते याचे.’’

हवालदारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चिठ्ठी न बदलता स्वतःच्या डोळ्यांनी तपासणीला गेले असते तरी ते त्या वर्षी सुभेदार झाले नसतेच! हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं, आत कुठेतरी. मेजरला शिव्या घालायच्या नादात ते कधी वर आलंच नव्हतं.

‘‘बाई, अर्ज मागे घेतो,’’ ते म्हणाले. ‘‘म्हातारपणी काहीतरी बरळलो आम्ही दोघं. लिहू नका.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘मी काही ऐकलं नाही,’’ म्हणाल्या.

‘‘काय झालं? सही?’’ दोस्त विचारत होता.

हवालदारांनी त्याचा खांदा धरला आणि यंत्राजवळ तोंड नेऊन ओरडले, ‘‘माहीत होतं मला! चल घरी!’’

दोस्ताने मान डोलावली. त्याला काहीच नवल वाटलं नाही, आणि हवालदारांना तेच सोसवलं नाही. जिना उतरताना ते कठड्याला धरून मधेच थांबले. दोस्त वर वळून म्हणाला, ‘‘दमलास?’’ ते हो म्हणाले.

घरी बायको दारातच उभी होती. ‘‘झालं का काम? मेजरची खोड मोडली?’’

‘‘मेजरचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.’’

‘‘अगबाई! मग दोष कोणाचा निघाला?’’

‘‘माझ्या डोळ्यांचा,’’ हवालदार म्हणाले. ‘‘रंगवाल्याला बोलाव उद्या. पाटीवर ती जागा आहे ना, तिथे हवालदार लिहायला सांग.’’

‘‘अहो, पोरं पुन्हा चोरांचं विचारतील!’’

‘‘विचारू देत,’’ ते म्हणाले, आणि समोरच्या दाराकडे बघत बराच वेळ उंबऱ्यावर उभे राहिले.