दाजी रुसले नव्हते

दाजींना मी शेवटचं पाहिलं ते आमच्या अहमदपूरच्या घरात, धोंड्याच्या जेवणाला. अधिक महिना म्हणून मोठी बहीण आक्का आणि दाजी नांदेडहून आले होते. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, वर तूप... आणि भोवती आम्ही सगळे, दाजींची फिरकी घ्यायला टपलेले.

आमच्याकडं जावयाची मस्करी करावीच लागते. दाजींचं टक्कल, त्यांचं घोरणं, त्यांचं टेलरिंगचं दुकान. "लोकांचे कपडे शिवतेत अन् स्वतःच्या सदऱ्याला बटण न्हाई!" तीस वर्षांत काही म्हणून सोडलं नाही आम्ही. मी मराठीचा मास्तर. थट्टा, चेष्टा, टिंगल, हेटाळणी यांतला फरक पोरांना फळ्यावर लिहून देतो. दाजी सातवी शिकलेले. एकदा मला म्हणाले, "मास्तर, इतकं कशाला लिवता? दोघं हासले की मजाक. एकटाच हासला की टिंगल." पुढं वर्गात मी तेच सांगायला लागलो, त्यांचं नाव न घेता.

त्या दिवशी दोन घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "छातीत कसंतरी होऊन राहिलंय." मी मूर्ख! भरल्या ताटावर जावई रुसतो, काहीतरी पदरात पाडून घेतो, ही आमची रीतच. मी ओरडलो, "दाजी रुसले! बोला, अंगठी का फटफटी?" झालं, हशा पिकला. माझ्या बायकोनं त्यांना वेडावून दाखवलं, पोरांनी मोबाईल काढले. दाजींच्या कपाळावर घाम डवरला होता. आम्हाला वाटलं, लई भारी नाटक करून राहिलेत. आक्कासुद्धा म्हणाली, "जेवा आता, लई झालं." ते भिंतीला टेकले... आणि हसले. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हसले असतील, असं आता वाटतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर आक्कानं मला एकट्याला गाठलं. "त्यांनी कुणाला सांगितलं होतं का रे, दुखतंय म्हणून?"

"न्हाई गं," मी म्हणालो. "कुणालाच न्हाई."

तेव्हापासून ती स्वतःलाच बोल लावत बसली आहे. शेजारी बसून मला कळलं कसं नाही, वर मीच त्यांना बोलले, असं येईल त्याला सांगते. जेवण तुटलंय तिचं. तिच्यासमोर बसून खरं सांगायची हिंमत मला दोनदा नांदेडला जाऊनही झाली नाही. पण रविवारची पुरवणी ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते, म्हणून हे इथं लिहितोय.

आक्का, दाजींनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. आणि मी सगळ्यांना हसवलं.