"चालतंय ना? मग हात लावू नको!"

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आम्ही जळगावात ज्या टूलने सॉफ्टवेअर पॅक करून ग्राहकांना पाठवतो, त्यातून हॅकर घुसू शकतो, हे मी साहेबांना महिन्यापूर्वीच मेलवर कळवलं होतं. उत्तर आलं, "चालतंय ना? मग हात लावू नको!"

आज आमच्या ग्राहक, भुसावळला लॅब चालवणाऱ्या अक्का ऑफिसात धडकल्या. त्याच टूलने पॅक केलेल्या आमच्या अपडेटमधून कुणीतरी घुसून त्यांच्या पेशंटचे रिपोर्ट पळवले होते. साहेबांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "पॅकिंग हिचं काम."

मी तो मेल आणि साहेबांचं उत्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

पण अक्का माझ्यावरच उखडल्या. "त्याने ऐकलं नाही, तर मला फोन करायला तुझे हात मोडले होते का?"

नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले होते.

खरं सांगा, तुम्ही केला असता तो फोन?