पर्समधली सहा काडतुसं

मी तहसीलदार होते. चोरट्या वाळूउपशावर कारवाई करत असताना एका ट्रकने माझ्या जीपला मुद्दाम धडक दिली, तेव्हा जिल्हाधिकारी साहेबांनीच मला रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं. मिस्टरांना ते पसंत नव्हतं. आमचं घर बौद्ध, ते शाळेत गणित शिकवणारे. घरात शस्त्र कशाला, असं त्यांनी एकदाच विचारलं. पण रिव्हॉल्व्हर आल्यावर तिला तेल द्यायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. महिन्यातून एका रविवारी मी काडतुसं काढून बाजूला ठेवायची, ते शिलाई मशीनचं तेल सढळ हाताने घालायचे आणि मग मी तीच सहा काडतुसं चक्रातल्या त्या तेलाने ओलसर झालेल्या घरांत परत भरायची.

ही सहा माझी ठेवणीतली होती. चार वर्षं रिव्हॉल्व्हरसकट पर्समध्येच राहिली. नेमबाजीच्या सरावाला मी दर वेळी नवीन आणत असे.

पुण्यात बदली झाल्यावर पेठेतल्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानात गेले. दुकानदार सत्तरीचे. घरात उर्दू बोलणारे, गिऱ्हाइकाशी मात्र अस्सल पेठी मराठी. भाच्याने मोबाइलवर काहीबाही दाखवलं होतं, त्यामुळे मी जवळ बाळगायला जास्त जोराची काडतुसं मागितली. सध्या आत कोणती आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे सरावाला ताजी आणि जिवाला शिळी," ते म्हणाले. "मॅडम, जोराचं नंतर बघू. आधी ती उडतात का ते बघा."

मला राग आला, पण शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर तीच सहा घेऊन गेले. पहिलं उडालं. दुसऱ्याला नुसता टक् असा आवाज. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकांनी हलू नका, नळी समोरच राहू द्या, म्हणून बजावलं. कधी कधी बार उशिरा उडतो. अर्धा मिनिट थांबलो. काही झालं नाही. पाचवंही तसंच गेलं. दोन्हींच्या बुडाशी घोड्याच्या ठोक्याचा खड्डा स्वच्छ उमटला होता, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा दोष नव्हता. काडतुसांच्या आत तेल झिरपून ती निकामी झाली असणार, असं प्रशिक्षक म्हणाले.

त्याच्या दोन वर्षं आधी नदीकाठी चार माणसांनी माझी जीप अडवली होती. पर्समध्ये हात घालून मी शांतपणे त्यांच्याशी बोलत राहिले होते आणि ते निघून गेले होते. त्या दिवशी काही वाटलं नव्हतं. आता रेंजवर, सकाळी अकरा वाजता, तेव्हाही आत हीच सहा होती हे लक्षात आलं आणि मी तिथल्या बाकावर जाऊन बसले.

मिस्टरांना सांगावं की नाही, हे घरी पोचेपर्यंत ठरत नव्हतं. त्यांनीच विचारलं, म्हणून सांगितलं.

ते म्हणाले, "तेल मी देत होतो."

"अहो, मला तरी कुठे माहीत होतं?"

दोन दिवस ते फारसे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही घेऊन एकटेच त्या दुकानात गेले आणि तासाभराने परत येऊन मला वर्गात सांगावं तसं सांगू लागले. तेल अगदी थोडं, आणि भरण्याआधी सगळी घरं कोरडी पुसायची. एक खोकं आणायचं, त्यातली निम्मी सरावात झाडायची. एकही फुसकं निघालं नाही, तर उरलेल्यातली सहा जवळ बाळगायची. वर्षाने ती सरावाला काढायची आणि जागी नवीन भरायची. जोराच्या काडतुसांचं काय, म्हणून मी विचारलं. माझ्या हाताला झेपतात आणि दर वेळी उडतात तीच चांगली, असं दुकानदारांनी सांगितलं होतं.

पुढे नोकरी संपेपर्यंत आम्ही तसंच केलं. कुणावर गोळी झाडायची वेळ आली नाही. निवृत्त झाल्यावर मी रिव्हॉल्व्हर आणि उरलेली काडतुसं रीतसर जमा केली. मिस्टर सोबत आले होते. पोलीस ठाण्यातून आम्ही चालतच घरी आलो. वाटेत त्यांनी भाजी घेतली.