चौदाशे अठ्ठ्याण्णव बंद विहिरी

दुबे साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये दस्तखत किसके हैं?"

सही माझीच होती. दोन वर्षांपूर्वीची, वळणदार, शेपूट काढलेली. नव्या नोकरीत माणूस सही जरा जपूनच करतो.

सहीच्या वर लिहिलं होतं: विहिरी सातशे, बावड्या आठशे. आणि त्याच्याही वर, गावाची लोकसंख्या तीनशे पन्नास.

"माणशी चार विहिरी झाल्या की हो," साहेब म्हणाले. ते मूळचे जबलपूरकडचे. मराठी पूर्ण समजायची पण बोलायचे हिंदीतच; त्यांचं बोलणं मी मात्र मराठीतच लिहितो. "अख्ख्या जिल्ह्यात एवढं पाणी कुणाकडे नाही. आणि हे गाव हँडपंप मागतं?"

मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यात, सौंसरला, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सब-इंजिनिअर होतो. घर पांढुर्ण्याला, नोकरी सौंसरला, आणि जीव बहुतेक वेळ सायकलवर. साल साधारण त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. नियम साधा होता: ज्या गावात पाण्याची सोय लोकसंख्येच्या मानानं कमी, त्या गावाला आधी हँडपंप. सोय किती, हे ठरायचं अशाच फॉर्मवरून. माझ्या फॉर्ममुळे ते गाव यादीत सगळ्यात तळाला गेलं होतं.

खरी गोष्ट सांगतो, कारण आता पेन्शन सुरू झालेली आहे. तो फॉर्म मी गावात न फिरता भरला होता. भर मे महिना, बारा वाजलेले, टायर पंक्चर. चिंचेखाली गावचा कोटवार बसला होता. कोटवार म्हणजे सरकार आणि गाव यांच्यामधला निरोप्या, दवंडी पिटणारा. त्याला विचारलं, "गावात विहिरी किती?" तो उठून उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "सातशे इहिरी, आठशे बावड्या." बावडी म्हणजे आत उतरायला पायऱ्या असलेली विहीर. मी लिहून घेतलं. तहान लागली होती. पाणी मागितलं तेव्हा त्याची सून अर्धा तांब्या घेऊन आली. अर्धाच का, असा प्रश्न इंजिनिअरला पडायला हवा होता.

गावाच्या डोक्यावर गोंड राजांचा डोंगरी किल्ला आहे. एके काळी तिथं राजधानी होती. किल्ल्याचं नाव सांगत नाही, नाहीतर गावचे लोक मला पुन्हा मोजायला बोलावतील. कोटवारानं सांगितला तो आकडा राजाच्या वेळचा होता. मी विचारताना 'आत्ता' हा शब्द वापरला नव्हता, एवढाच काय तो माझा गुन्हा.

"महिनाअखेर नवी यादी वर जाईल," साहेब म्हणाले. "त्याआधी सुधारून आणा. सरपंचाची सही आणि कोटवाराचा अंगठा पाहिजे. आणि या वेळी गाव बघून या."

रामाकोन्यापर्यंत बस, पुढे सायकल. एप्रिल संपत आला होता. कोटवाराचं नाव सुखलाल उइके. मला बघून त्याला आनंद झाला. दोन वर्षांत त्याला इतका विश्वास ठेवणारा श्रोता दुसरा भेटला नव्हता.

"पूर्ण मोजायच्या आहेत," मी म्हणालो.

"पूर्ण?" त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं. "चाला."

आम्ही दोन दिवस डोंगर चढत होतो. माझ्या हातात गेरूचा डबा. विहीर सापडली की काठावर नंबर टाकायचा, वहीत लिहायचं, पाणी आहे की नाही ते दगड टाकून बघायचं. 'डुबुक' आलं तर पाणी. 'खट्' आलं तर कोरडी. शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळं आम्ही कॉलेजात परीक्षेसाठी शिकतो.

विहिरींपेक्षा गोष्टीच जास्त सापडत होत्या. एका मोठ्या टाक्यापाशी सुखलाल थांबला. "यात परीस हाये. राजाचा हत्ती पाण्यात उतरला अन् बाहेर आला त पायातली साखळी सोन्याची."

"मग परीस काढला नाही कुणी?"

"हत्तीले इचारलं पायजे ना, पाय नेमका कोठं ठेवला होता."

पुढं एका भिंतीत बुजलेलं भगदाड होतं. ते म्हणे भुयार, थेट नागपूरला निघणारं. "माया आज्याच्या आज्यानं बकरी सोडली होती यात. तिकडं नागपुरात निघाली."

"तीच बकरी कशावरून?"

"गळ्यात घंटी होती ना, सायेब. तुमी लोकं कागदाशिवाय कायीच मानत नाई."

मला राग यायचा. ऊन डोक्यावर आणि हा माणूस घंटीचा पुरावा देतोय. पण खरं सांगायचं तर तो बोलायला लागला की मी नंबर टाकायचं विसरायचो. एक विहीर मी दोनदा मोजली, ती त्याच्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी वहीत चौतीस नंबर झाले. चौतिसांपैकी पाणी फक्त दोनात, आणि त्या दोन्ही वर किल्ल्यात. उतरताना सुखलालची सून गोमती भेटली. डोक्यावर दोन हंडे. ती वरूनच पाणी भरून येत होती. सकाळची ही तिची तिसरी खेप. मी वहीत गावापासून पाण्याचं अंतर लिहिलं होतं, पण चढ लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. ती पुढे निघून गेली आणि मला स्वतःची लाज वाटली. त्या अर्ध्या तांब्याची आठवण झाली.

आता फक्त सही घ्यायची आणि सुटायचं, असं मला वाटलं. सरपंच बापूराव संत्र्याच्या बागेत होते. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा काढला.

"चौतीस? मी सही नाई करत."

"अहो, तुम्हालाच हँडपंप पाहिजे ना?"

"पायजेच. पण मी किल्ल्यापावत सडक मागून राहिलो तीन वर्सांपासून. अर्जात काय लिहिलं? सातशे इहिरी, आठशे बावड्या असलेली राजधानी. आता तुमी सरकारी कागदावर चौतीस लिहान, त सडकवाले म्हणतीन, चौतीस इहिरींसाठी कोठं सडक असते का?"

"पण त्या चौतीसच आहेत."

"तुमाले दिसल्या चौतीस," मागून सुखलाल म्हणाला. "अंगठा मी बी नाई देत. माया बापानं सातशे अन् आठशेच सांगितलं. मी मरतो अन् चौतीस सांगतो?"

मी कपाळाला हात लावला. गावाला पाणी हवं होतं, सडक हवी होती आणि राजाही हवा होता. तिन्ही एका फॉर्ममध्ये बसत नव्हते. महिनाअखेरीला तीन दिवस उरले होते. यादी चुकली की पुढचा उन्हाळा. मी समजावलं, चिडलो, शेवटी आवाजही चढवला. दोघं शांतपणे ऐकून घेत होते. शेतकरी आणि कोटवार यांच्यापुढे सरकारी आवाज चढवून उपयोग नसतो. त्यांनी मोठमोठे ऐकलेले असतात.

आमचा आवाज ऐकून गोमती बागेच्या कुंपणाशी आली. हंडे खाली ठेवले, पदर डोक्यावर सारखा केला आणि सासऱ्याकडे न बघता त्यालाच म्हणाली, "मामाजी, त्या पंधराशे इहिरीतून एक बादली आणून द्या मले. मंग मी बी पंधराशेच सांगतो."

बापूराव जमिनीकडे बघू लागले. सुखलाल मात्र गडबडला नाही.

"बाई, इहिरी हायेत. झाकल्या हायेत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून सांगू लागला. शत्रूची फौज येते अशी खबर आली, तेव्हा राजानं हुकूम दिला: सगळ्या विहिरींवर शिळा टाका, माती टाका, वर गवत लावा. फौज तहानेनं मरू द्या. लोकांनी रात्रंदिवस खपून विहिरी झाकल्या. राजा लढायला गेला. "झाका म्हणाला होता राजा. उघडा सांगाले तो वापस आलाच नाई. म्हून बंद हायेत."

बंद.

मी फॉर्म पुन्हा उघडला. विहिरींच्या रकान्याचे तीन भाग होते: एकूण, चालू, बंद. दोन वर्षांपूर्वी मी फक्त पहिला भरला होता. आता लिहिलं: एकूण पंधराशे. चालू दोन. बंद चौदाशे अठ्ठ्याण्णव. शेरा: ग्रामस्थांच्या सांगण्यावरून. सापडलेल्या चौतिसांची यादी वेगळी जोडली.

बापूरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि पेन मागितलं. सुखलालनं असा अंगठा दाबला की शाई मागच्या पानावर उतरली.

दुबे साहेबांनी फॉर्म बघितला आणि 'बंद'च्या रकान्यावर बोट ठेवलं.

"चौदाशे अठ्ठ्याण्णव बंद?" ते हळूच म्हणाले. "बेचारे लोग. सगळ्या जिल्ह्यात एवढ्या विहिरी कुणाच्या बंद पडलेल्या नाहीत."

जोडलेली यादी त्यांनी बघितली की नाही, हे मला आजही माहीत नाही. गाव तळातून उचलून यादीत पहिल्या नंबरावर गेलं.

पंधरा दिवसांत बोअरिंगचं मशीन आलं. हे मशीन ट्रकवर बसवलेलं असतं. काम सुरू करण्याआधी ट्रकचं वजन चाकांवरून काढून चार लोखंडी पायांवर घेतात, त्यांना जॅक म्हणतात. जागा मी स्वतः ठरवली होती: गोमतीच्या घरासमोर, सपाट, टणक. तीन जॅक व्यवस्थित टेकले. चौथा टेकला आणि आत गेला. ट्रक एका अंगाला कलला, ड्रायव्हरनं उडी मारली, आणि त्या भगदाडातून गार ओलसर हवा बाहेर आली. वाकून बघितलं तर मातीखाली फुटलेली शिळा, आणि शिळेखाली घडीव दगडाच्या पायऱ्या खाली उतरत गेलेल्या. तळाशी बेडूक ओरडत होते.

गाव गोळा झालं. सुखलाल पुढे आला. मला वाटलं आता हा माणूस मला आयुष्यभर सोडणार नाही. पण त्यानं खाली वाकून नमस्कार केला, मग माझ्या वहीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आता किती झाल्या?"

"चालू तीन," मी म्हणालो. "बंद चौदाशे सत्त्याण्णव."

मशीन चाळीस पावलं पलीकडे नेलं. तिथं पाणी लागलं. हँडपंप बसला तेव्हा पहिला हंडा गोमतीनं भरला. मग घरात गेली, तांब्या आणला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. तिला तो अर्धा तांब्या आठवत होता की नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. मी पूर्ण प्यालो.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण जॅक तुटला होता. तुटलेल्या सरकारी वस्तूचा रिपोर्ट वर जातो. त्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं: बंद विहिरीत जॅक गेला. झालं. वरून पत्र आलं: सदर गावातील विहिरी कधी व कुणाच्या आदेशाने बंद करण्यात आल्या, आदेशाची प्रत जोडावी.

मी उत्तर लिहिलं: सदर विहिरी तत्कालीन राजाच्या तोंडी आदेशाने, शत्रूची फौज येत असल्याकारणाने बंद केल्या. आदेश मागे घेतल्याची नोंद गावात आढळत नाही.

साहेब इतके हसले की चपराशी आत डोकावला. पण सही त्यांनी केली. म्हणाले, "यात चुकीचं काय आहे?"

महिन्याभरानं उत्तरालाही उत्तर आलं. नोंद घेण्यात आली. तथापि, जी एक बंद विहीर उघडण्यात आली, त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतली होती काय?

आता राजाच्या हुकमाला सक्षम अधिकारी कोण? मी ते पत्र घेऊन सुखलालकडे गेलो आणि वाचून दाखवलं. तो हँडपंपाच्या ओट्यावर बसला होता. त्यानं एकदा वर किल्ल्याकडे पाहिलं.

"लिहा," तो म्हणाला, "राजा आला की इचारून घेतो."

मी जरा सरकारी भाषेत तेच लिहिलं: प्रकरण सक्षम अधिकाऱ्यांच्या आगमनापर्यंत प्रलंबित. त्यावर कुणाचीच हरकत आली नाही. मी रिटायर झालो तेव्हाही ते प्रलंबितच होतं. तेवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो: फॉर्म भरायचा तर आधी डोंगर चढावा आणि तिन्ही रकाने भरावेत. सडक मात्र बापूरावांच्या गावाला अजून झालेली नाही. सुखलाल म्हणायचा, राजा त्याच रस्त्यानं येणार आहे, म्हणून उशीर होतोय.