बाळकुमचा जकात नाका

बाबांची स्मरणशक्ती जायला लागली तेव्हा सगळ्यात आधी आम्ही गेलो. मी, माझा नवरा, डोंबिवलीत काढलेली त्यांची चाळीस वर्षं. राहिलं ते त्यांचं संस्थान. घाटावरचं, एवढंसं, बाबा आठ वर्षांचे असताना मुंबई राज्यात विलीन झालेलं. माझे आजोबा तिथे जकात नाक्यावर नाकेदार होते. नाक्याच्या अलीकडे आपला मुलूख, पलीकडे इंग्रजांचा. त्याला ते खालसा म्हणायचे.

बाबांना मी बाळकुमला माझ्याकडे आणलं. रोज संध्याकाळी फिरून येताना ते सोसायटीच्या गेटाशी थांबायचे. आडवा दांडा दिसला की झालं! पिशवी उघडून वॉचमनला दाखवायचे, खिसे उलटे करायचे. "दोन मोसंबी आहेत. घरच्यासाठी. विकायची नाहीत." वॉचमन साताऱ्याकडचा, भला माणूस. पिशवीत डोकावून म्हणायचा, "जावा आजोबा, सोडलं." बाबांचा चेहरा असा खुलायचा! "चला बाई, आलो हद्दीत," असं मला म्हणायचे आणि लिफ्टपर्यंत झपाझप चालायचे.

मला मात्र लाज वाटायची. मागे गाड्या खोळंबायच्या, हॉर्न वाजायचे. त्या दिवशी मी ऑफिसातून आधीच वैतागून आलेले, त्यात गाडीतलं कुणीतरी हसलं. माझा ताबा सुटला. "बाबा, पुरे झालं हे नाटक! कुठलं संस्थान नि कुठला नाका? कधीच विलीन झालं ते! संपलं!"

त्यांनी मोसंबी पिशवीत परत ठेवली. "विलीन झालं? मग आमच्या बाबांची नोकरी?" आणि तिथेच, दांड्याला धरून, हमसून हमसून रडले. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची बातमी मी त्या माणसाला आत्ता दिली होती. जीभ कशी झडली नाही माझी!

मी मनाला समजावलं, उद्या विसरतील. जेवलेलं विसरतात, मला विसरतात, हेही विसरतील. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोसंबी घेतली, गेटाशी मीच थांबले. "बाबा, नाका आला. पिशवी दाखवा." वॉचमनही बिचारा खुर्चीतून उठून उभा राहिला.

बाबांनी पिशवी उघडलीच नाही. माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "कशाला? आता हद्दबिद्द काही नाही. आपलं गेलं सगळं, बाई. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"