कुरडयांचं ऊन

जयपूरच्या वाढत्या मजल्यांशी आमच्या आईचं उभं वैर. वडील रेल्वेत. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा त्यांची भुसावळहून इथे बदली झाली. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून शास्त्री नगरात एका दुमजली घराचा वरचा मजला भाड्याने घेतला आणि मग तिथेच मुक्काम पडला. गल्लीतली बाकीची घरं बुटकी होती, छतांना दगडाच्या लांबलचक पट्ट्या. आमची गच्ची सगळ्यांत उंच आणि दिवसभर ऊन नुसतं धो धो. ते बघूनच आईने घर पसंत केलं होतं. स्वयंपाकघर तर तिने नीट पाहिलंसुद्धा नव्हतं!

वडिलांना मात्र नवं बांधकाम म्हणजे जीव की प्राण. रविवार आला की आईला स्कूटरवर मागे बसवायचं आणि कुठे पूल झाला, कुठे मॉल उभा राहिला ते दाखवायला न्यायचं. टोंक रोडवरची पहिली काचेची इमारत बघून आई म्हणाली, "ही काच पुसणार कोण? धुळीचं वादळ आलं की कळेल यांना." चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहराच्या बाजारात दुकानदारांनी अडवलेले दुकानांपुढचे व्हरांडे, तिथले बरामदे, मोकळे झाले, तेव्हा मात्र ती खूश झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावलीतून चालत गेली, एक बांगडी घेतली नाही आणि तरी आठवडाभर त्याचंच कौतुक.

मग हे वाढणं आमच्या गल्लीत शिरलं. दगडी पट्ट्या उतरल्या, स्लॅब पडले, खाली शटरची दुकानं आणि वर भाडेकरू. आमच्या एका बाजूचं घर तीन मजले झालं. दुसऱ्या बाजूच्या भाभीजींनीही काम काढलं आणि आमची गच्ची विहिरीच्या तळासारखी झाली. ऊन यायचं ते डोक्यावर आल्यावर, तेही जरा टेकून निघून जायचं. अख्खी गल्ली आनंदात. राजस्थानात कोणी सावलीला नावं ठेवतं का? आईने ठेवली. सरळ भाभीजींच्या दारात जाऊन म्हणाली, "आपने हमारी धूप खा ली." भाभीजी आधी हसल्या, मग आई खरंच चिडली आहे हे कळल्यावर त्याही चिडल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघी एकाच भाजीवाल्याशी बोलायच्या, एकमेकींकडे पाठ करून.

त्यातच ताईचं लग्न ठरलं. सासर जळगावचं, माणसं तोलामोलाची, आणि होणाऱ्या सासूबाईंच्या हातच्या कुरडया म्हणे साऱ्या नात्यात नावाजलेल्या. झालं! आईने तिथल्या तिथे ठरवलं, रुखवतात कुरडया मांडायच्या त्या स्वतःच्या हातच्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, पराती भरभरून. "परगावी राहून हिच्या आईला काही येत नाही, असं माझ्या पोरीला कोणी ऐकवायला नको," ती म्हणाली. मी म्हटलं, विकत आणू. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे जन्मात तो विषय काढला नाही.

गहू भिजले, वाटले, चीक निघाला. कुरडयांचा चीक शिजवायचा तो पहाटे, म्हणजे सूर्य उगवायच्या आत घालून होतात आणि पहिलं ऊन मिळतं. आईची ही भुसावळची शिस्त. तिने अंधारातच आम्हाला उठवलं. गच्चीवर चार बाजा टाकल्या, त्यांवर जुन्या साड्या ताणून बांधल्या. आई चीक घाटत होती, ताई आणि मी सोऱ्या फिरवत होतो, वडील बॅटरी धरून उभे. हात भरून आले, पण काय सुरेख वेटोळी पडली होती! सगळं झाल्यावर आई कमरेवर हात ठेवून उजाडायची वाट बघत उभी राहिली.

उजाडलं, पण आमच्यावर नाही. समोरच्या छतांवर ऊन आलं आणि आम्ही गार सावलीत. वर्षानुवर्षांची सवय, पहाट म्हटलं की पाठोपाठ ऊन. मधे भिंत आहे हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! "दुपारपर्यंत चीक आंबेल गं," आई पुटपुटली. तेवढ्यात शेजारी मजूर आले आणि त्यांनी रोजच्यासारखं नव्या भिंतींवर पाइपने पाणी मारायला सुरुवात केली. त्याचे शिंतोडे थेट आमच्या कुरडयांवर.

आई किंचाळली, "अरे भैया, बंद करो! शादी की हैं!" आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली. आईला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ताई तर पांढरीफटक. लग्न तिचं होतं ना.

वरून भाभीजींनी डोकावलं. त्यांनी बाजा पाहिल्या, आईला पाहिलं. "पानी बंद!" त्या मजुरांवर ओरडल्या. मग आईला म्हणाल्या, "बहनजी, रोती क्या हो? ऊपर ले आओ सब. मेरी छत पे धूप ही धूप है." आईच्या लेखी अबोला मोडायचा म्हणजे मानेवर सुरी. पण गुलाबी कुरडईवर पाण्याचा थेंब पसरताना दिसला आणि तिने पदर खोचला.

मजुरांनी बाजा उचलल्या. जिना उतरून, गल्लीतून, भाभीजींच्या कठडा नसलेल्या जिन्याने वर. त्यांनी त्या सवयीने खांद्यावर घेतल्या आणि आई मागून ओरडत सुटली, "खांद्यावर नको! अहो, सांगा त्यांना, कंधे पे नहीं, मंगलकार्य आहे!" वडील हसू दाबत पुढे चालत होते. सगळी गल्ली दारात. पोहोचेपर्यंत एकही कुरडई मोडली नाही.

वर गेल्यावर आईने चौफेर पाहिलं. एकीकडे नाहरगडाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी जुनं गुलाबी शहर, आणि उरलेल्या सगळ्या बाजूंना विटा, सळया, अर्धे मजले. "अगं बाई, केवढं झालंय हे," ती म्हणाली. भाभीजींनी चारदीवारीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचं माहेर, आणि त्यांची आई छतावर मुगाच्या मंगोड्या, म्हणजे आपले सांडगेच, वाळवायची. दोघी मग दिवसभर कावळे हाकत तिथेच बसल्या. इतकं बोलल्या की तुंबलेलं पाणी मोकळं झाल्यासारखं.

लग्नाला भाभीजी जळगावला आल्या. रुखवतापाशी ताईच्या सासूबाईंनी एक कुरडई उचलून उजेडात धरली. "वा! काचेसारखी वाळलीय," त्या म्हणाल्या. "एवढं ऊन मिळालं कुठे तुम्हाला शहरात?"

आईने क्षणाचाही विचार केला नाही. "आमच्या गच्चीवर," ती म्हणाली.

भाभीजींनी मला कोपराने ढोसलं, "क्या बोलीं?" मी चाचरत सांगितलं. त्यांनी रुखवताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "तो ठीक ही तो बोलीं."